एक अपघात, दोन कागद: आजारपणाचे दिवस कोण मोजतं?

बसमध्ये, लोकलमध्ये, नाहीतर रात्रीची भांडी घासताना ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आणि ‘ऐकायला वेळ नाही, लिहून टाक ना’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही देतोय. अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकून तुम्ही स्किप कराल अशी भीती वाटते, म्हणून आधी गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. सोमवार, सकाळी साडेसहा. माझा धाकटा भाऊ चाकणला एमआयडीसीत प्रेस मशीनवर कामाला आहे. त्या दिवशी त्याची कंपनीची बस चुकली. माझी शिफ्ट दुपारची आणि तीही घरून. त्यामुळे आई म्हणाली, “जा रे, सोडून ये त्याला.” आम्ही मोशीहून नाशिक हायवेने निघालो. पाऊस, खड्डा, पुढच्या टेम्पोचा अचानक ब्रेक. गाडी मी चालवत होतो.

माझ्या उजव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं, आत रॉड घालावा लागला. त्याचं उजवं मनगट आणि कॉलरबोन. दोघंही वाचलो. डॉक्टर म्हणाले, “नशीब समजा.” आम्ही समजलो.

पण एका घरात, एकाच अपघातात जायबंदी झालेल्या दोन भावांचे पुढचे अडीच महिने अगदी वेगळे गेले. माझा पगार ३८ हजार, त्याचा १८ हजार. मी लॅपटॉपवाला, तो मशीनवाला. आणि तरी त्याच्या खात्यात पैसे वेळेवर येत राहिले, मी मात्र मेल लिहीत बसलो. का? तर दोघांच्या कागदांमध्ये ‘काम करू न शकण्याचा काळ’ वेगवेगळ्या पद्धतीने लिहिला होता. आजचा भाग त्या काळाबद्दल आहे. तो कधी सुरू होतो, कधी संपतो आणि कोण संपवतो.

आधी शब्दाचं बोलू. कागदावर या काळाला ‘तात्पुरतं अपंगत्व’ म्हणतात, इंग्रजी पॉलिसीत ‘टेम्पररी टोटल डिसॅबिलिटी’. पायात रॉड असलेला पंचविशीतला पोरगा स्वतःला अपंग म्हणवून घेत नाही. मीही नव्हतो घेत. म्हणून पॉलिसीतलं ते पान मी कधी वाचलंच नाही. वाटलं, हे आपल्यासाठी नाही. मंडळी, हे पान आपल्यासाठीच असतं. प्लास्टर लागलं, दोन महिने कामावर जाता येत नाही, हेच ते ‘तात्पुरतं अपंगत्व’.

आता भावाचा कागद. त्याच्या पगारातून दरमहा ०.७५ टक्के ईएसआयसीचे कापले जातात, कंपनी ३.२५ टक्के भरते. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू होते. तो नेहमी कुरकुरायचा, “दादा, दर महिन्याला फुकट १३५ रुपये जातात बघ.”

अपघात झाला तेव्हा हॉस्पिटलमधून त्याने सुपरवायझर काकांना फोन केला. काका जुने, अनुभवी. त्यांनी पहिलं विचारलं, “लागलं किती?” आणि दुसरं, “ड्युटीलाच येत होतास ना? मग आजच्या आज ऑफिसला सांगतो. अपघाताचा रिपोर्ट चोवीस तासांत ईएसआयला गेला पाहिजे.”

हा दुसरा प्रश्न लाखमोलाचा होता. ईएसआयच्या कायद्यात २०१० मध्ये एक सुधारणा झाली. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात हाही कामामुळे झालेला अपघात धरायचा, असं त्यात आलं. अट एवढीच की वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दाखवता आला पाहिजे. सकाळी साडेसहाला, कंपनीच्या रस्त्यावर, पहिल्या शिफ्टच्या आधी. संबंध स्पष्ट होता.

कामामुळे इजा झाली की ईएसआय पगाराच्या सरासरीच्या ९० टक्के देतं. किती दिवस नोकरी झाली, किती हप्ते भरले, याची अट नाही. काळ कधी सुरू होतो? अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस कामाला जाता आलं नाही, तर सुरू. पायाला खरचटलं, दोन दिवस घरी बसलात, तर नाही. भावाचा ढोबळ हिशेब असा: रोजचे ६००, त्याचे ९० टक्के म्हणजे ५४०. रविवारही धरून. तो ६३ दिवस घरी होता. ५४० गुणिले ६३, झाले ३४ हजार २०.

आणि हा काळ संपतो कधी? डॉक्टर ‘कामावर जाण्यास योग्य’ असं शेवटचं सर्टिफिकेट देतात तेव्हा. तोवर ठरावीक दिवसांनी दवाखान्यात जाऊन पुढचं सर्टिफिकेट घ्यायचं. रांग असते, वैताग येतो. पण सर्टिफिकेटमध्ये खंड पडला की पैशातही खंड पडतो, हे लक्षात ठेवा.

आता नीट ऐका. सहाव्या आठवड्यात भावाचं बरंच बरं झालं होतं. डाव्या हाताने जेवायचा, मोबाइल चालवायचा, गल्लीतल्या पोरांची कॅरमची मॅच लावायचा. बसून रजिस्टर लिहायचं काम त्याने केलंही असतं. पण ईएसआयच्या व्याख्येत प्रश्न ‘हा काहीतरी काम करू शकतो का’ असा नाही. प्रश्न असा आहे: दुखापत झाली तेव्हा जे काम करत होता, ते काम तो करू शकतो का? त्याचं काम प्रेस मशीन. मोडलेल्या मनगटाने ते जमणार नव्हतं. म्हणून त्याचा काळ नवव्या आठवड्यापर्यंत चालला.

‘करत होता ते काम’. या चार शब्दांनी भावाचे शेवटचे तीन आठवडे वाचवले.

आता माझा कागद. खरं तर माझे कागद दोन होते, आणि घोळ तिथेच झाला.

पगार २१ हजारांच्या वर, म्हणून मला ईएसआय नाही. कंपनीने सगळ्यांची ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी काढलेली. जॉइनिंगच्या दिवशी एचआरच्या स्लाइडवर लिहिलं होतं, ‘दहा लाखांचं अपघात कव्हर’. आम्ही टाळ्या वाजवल्या. हे दहा लाख मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी. तात्पुरत्यासाठी माझ्या पॉलिसीत लिहिलं होतं: विमा रकमेच्या एक टक्का दर आठवड्याला, पण जास्तीत जास्त ५ हजार. म्हणजे एक टक्क्याने १० हजार होतात, मिळणार ५. पहिला आठवडा मिळणार नाही. आणि जास्तीत जास्त १०० आठवडे.

आकडे प्रत्येक पॉलिसीत वेगळे असतात, तुमचे वेगळे असतील. पण हे तीन सांधे बहुतेक ठिकाणी दिसतील: सुरुवातीचे न मिळणारे दिवस, आठवड्याची मर्यादा आणि एकूण आठवडे.

दुसरा कागद माझं ऑफर लेटर. कलम चौदा, सहावं पान. त्याचा मराठीत अर्थ असा: प्रकृतीच्या कारणाने कर्मचारी सलग ६० दिवस कामावर हजर राहू शकला नाही, तर कंपनी त्याची सेवा समाप्त करू शकते. सही माझीच होती, सहाही पानांवर. वाचलं होतं का? नाही. तुम्ही वाचलंय?

तेहतिसाव्या दिवशी एचआर मॅडमचा फोन आला. आवाज प्रेमळ होता, मी त्यांना दोष देत नाही. म्हणाल्या, “बघ, सलग साठ दिवस झाले तर सिस्टिम केस उघडते, माझ्या हातात राहत नाही. त्यापेक्षा तू घरून रोज दोन तास लॉगिन कर. तेवढ्या तासांचा पगारही मिळेल. सलगपणा तुटेल.”

माझी सगळी रजा संपली होती. बिनपगारी सुरू होतं. गाडीचा हप्ता, फ्लॅटचं भाडं. वर गाडी मी चालवत होतो, हा विचार रात्री झोपू द्यायचा नाही. नोकरीही गेली तर आईला काय सांगू? मी हो म्हणालो. सहाव्या आठवड्यापासून पाय उशीवर ठेवून रोज दोन तास लॉगिन. त्याच आठवड्यात फॉलोअपला गेलो तेव्हा डॉक्टरांना सांगितलं की बसल्या बसल्या थोडं काम करतोय. त्यांनी कागदावर लिहिलं, ‘घरून बसून हलकं काम करण्यास हरकत नाही’. मला बरं वाटलं.

अकराव्या आठवड्यानंतर कुबड्या सुटल्या, पूर्णवेळ कामाला लागलो आणि क्लेम भरला. हिशेब करून ठेवला होता: पहिला आठवडा सोडून दहा आठवडे, ५ हजारांनी ५० हजार. आले २० हजार.

विमा कंपनीचं पत्र साधं होतं. पॉलिसीनुसार भरपाई ‘कोणतंही काम करण्यास पूर्णपणे असमर्थ’ असलेल्या काळासाठी. सहाव्या आठवड्यापासून तुम्ही काम करत होतात, तुमच्या कंपनीच्या हजेरीत लॉगिन आहे, आणि तुमच्याच डॉक्टरांनी हलक्या कामाची परवानगी दिली आहे. म्हणून दुसरा ते पाचवा, चार आठवडे मंजूर.

मग मी वहीवर मांडलं. सहा आठवडे रोज दोन तासांचे मिळाले साधारण १३ हजार. त्यासाठी गेले ३० हजार. वर दुखत्या पायाने काम केलं ते वेगळं.

भाऊ शेजारी बसून बघत होता. म्हणाला, “दादा, म्हणजे तू काम केलंस म्हणून तुझे पैसे गेले?” मी म्हटलं, “तसंच काहीसं.” तो म्हणाला, “आणि मी कॅरम खेळलो तरी मिळाले.” पहिल्यांदाच दोघं हसलो त्या अडीच महिन्यांत.

पण मंडळी, मुद्दा गंभीर आहे. तोच पाय, तेच अकरा आठवडे. पण माझे दोन कागद ते दिवस दोन दिशांनी मोजत होते. ऑफर लेटरचं घड्याळ थांबवायला मला लॉगिन करायला हवं होतं. पॉलिसीचं घड्याळ चालू ठेवायला लॉगिन करायला नको होतं. एकाला खूश केलं की दुसरा रुसणार. आणि हे मला कोणी सांगितलं नाही, कारण एचआरने पॉलिसी वाचली नव्हती, विमावाल्याने ऑफर लेटर बघितलं नव्हतं. दोन्ही कागद एकत्र फक्त माझ्याकडे होते.

मग काय करायला हवं होतं? लॉगिनची घाई करायच्या आधी एक मेल. ‘डॉक्टरांच्या सर्टिफिकेटनुसार मी अमुक तारखेपर्यंत काम करू शकत नाही. तोपर्यंत माझी बिनपगारी वैद्यकीय रजा लेखी मंजूर करावी आणि मंजूर रजेचे दिवस कलम चौदाच्या ६० दिवसांत धरले जाणार नाहीत, हे कळवावं.’ मॅडम कदाचित नाही म्हणाल्या असत्या. पण फोनवरचा प्रेमळ आवाज आणि मेलवरचं उत्तर यात फार फरक असतो. आणि क्लेम कापल्यावर विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे, तिथे समाधान झालं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. फी लागत नाही. पुण्यात त्यांचं कार्यालयही आहे. मी गेलो नाही. कंटाळलो होतो. आज गेलो असतो.

बरं, हे झालं अपघाताचं. आता आजारपण, कारण बहुतेकांचा घोळ इथे होतो. समजा हाड मोडलं नाही, टीबी झाला. माझ्या अपघात पॉलिसीतून शून्य रुपये. नावातच अपघात आहे. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरेल, पण बुडालेला पगार देणार नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत: बिल भरणारा विमा आणि पगार बुडाला तर पैसे देणारा विमा. ‘कंपनीचा इन्शुरन्स आहे’ असं म्हणताना आपण सहसा पहिला धरून चालतो.

ईएसआयमध्ये आजारपणासाठी वेगळं खातं आहे आणि नियमही वेगळे. पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. आजाराचे पहिले दोन दिवस सहसा मिळत नाहीत. पण आधीचं आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडलात, तर ते दोन दिवस परत कापत नाहीत. म्हणजे दुखणं उलटलं तर कागद त्याला नवं धरतो की जुनंच, यावरही पैसे ठरतात. आणि इथे हप्त्यांची अट आहे: सहा महिन्यांच्या हप्त्याच्या काळात किमान ७८ दिवसांचे हप्ते भरलेले हवेत. टीबी, कॅन्सर अशा ३४ दीर्घ आजारांच्या यादीत तुमचा आजार असेल आणि सलग दोन वर्षं योजनेत असाल, तर ९१ दिवसांनंतर ८० टक्के दराने पुढे, एकूण दोन वर्षांपर्यंत जाता येतं.

बघा, एकाच योजनेत एकाच माणसाला तीन दिवसांची अट लागते किंवा दोन दिवसांची, दर ९० होतो, ७० होतो किंवा ८०. फरक फक्त एका प्रश्नाचा: कशामुळे?

ईएसआयवाल्यांसाठी आणखी एक. ईएसआयचा आजारपणाचा किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ घेत असताना मालकाने कामावरून काढायचं नाही, असं त्या कायद्याचं कलम ७३ सांगायचं. माझ्या कलम चौदासारखी धमकी भावाच्या डोक्यावर तेव्हा नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि १९४८ चा ईएसआय कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. त्यामुळे कलमांचे आकडे बदललेत. जुना आकडा सांगून भांडायला जाऊ नका, ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन आजचा नियम विचारा. नेमणूक पत्र देणं मात्र आता मालकावर बंधनकारक आहे. तेव्हा ‘आमच्याकडे लेटर देत नाहीत’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

आणि ग्रॅच्युइटीचं. पाच वर्षं झाल्याशिवाय मिळत नाही असं आपण ऐकतो. अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर पाच वर्षांची अट लागत नाही. आणि अपंगत्व म्हणजे काय, तर अपघात किंवा आजाराआधी जे काम करू शकत होता ते काम करता न येणं. पुन्हा तेच चार शब्द, तुमच्या बाजूचे. हे किती जणांना माहीत होतं? मला तरी नव्हतं.

तर आता मोबाइल हातात आहेच. ऑफर लेटरची पीडीएफ उघडा, पॉलिसीची उघडा. एचआरला ‘पॉलिसीची पूर्ण प्रत पाठवा’ असा मेल करा, स्लाइड नको म्हणावं. सर्चमध्ये ‘डिसॅबिलिटी’, ‘ॲब्सेन्स’, ‘मेडिकली अनफिट’ हे शब्द टाका. आणि पाच प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहा.

एक. कशामुळे? फक्त अपघात, की आजारही? फक्त कामावरचा, की कुठलाही?

दोन. कधीपासून? पहिले किती दिवस मिळणार नाहीत?

तीन. कोणतं काम? ‘माझं काम’ करता येत नाही एवढं पुरे आहे, की ‘कोणतंही काम’ करता येत नाही असं हवं? हलकं काम, घरून काम केलं तर काळ संपतो का?

चार. किती दिवस? हे दिवस कॅलेंडरचे की कामाचे? मध्ये दोन दिवस जाऊन परत पडलो तर मोजणी नव्याने की पुढे चालू?

पाच. संपला हे कोण ठरवणार? माझा डॉक्टर, कंपनीचा, की विमा कंपनीचा? आणि मला पटलं नाही तर कुठे जायचं?

डिलिव्हरी करणाऱ्या दोस्तांनो, तुमच्या ॲपमध्ये विम्याचं पान असेल तर तिथेही हेच पाच प्रश्न. आणि सहावा: ॲप ऑफ असताना अपघात झाला तर?

डॉक्टरांकडे जाल तेव्हा एक करा. तुम्ही नेमकं काय काम करता ते सांगा. ‘मशीन चालवतो, आठ तास उभं राहावं लागतं’, ‘दिवसभर गाडीवर असतो’. डॉक्टर खोटं लिहिणार नाहीत, लिहूही नये. पण ‘हलकं काम चालेल’ आणि ‘सध्याचं काम करू शकत नाही’ या दोन खऱ्या वाक्यांत तुमच्या घरभाड्याचा फरक असू शकतो.

शेवटचं. भावाचा पगार या वर्षी वाढला, तो आता २१ हजारांच्या वर गेला. चालू हप्त्याचा काळ संपला की तो ईएसआयमधून बाहेर पडेल. आईने पेढे वाटले. तो रात्री माझ्याकडे आला, म्हणाला, “दादा, कंपनी आता मला तुझ्यासारखी पॉलिसी देणार आहे. कागद आणलाय. जरा बघतोस का, चार शब्द आहेत का त्यात?”

नव्हते. ‘कोणतंही काम’ असंच लिहिलं होतं. पण या वेळी आम्हाला ते अपघाताच्या आधी कळलं. आता वाढलेल्या पगारातून तो थोडे पैसे बाजूला टाकतोय, पहिल्या न मिळणाऱ्या आठवड्यासाठी आणि आजारपणासाठी. दर महिन्याला फुकट जाणारे पैसे, असं आता म्हणत नाही.

तुमच्या कागदात काय सापडलं ते नक्की कळवा, कंपनीचं नाव न लिहिता. आणि एक भाऊ, बहीण, रूममेट, ज्याने अजून ऑफर लेटर उघडलेलं नाही, त्याला हा भाग पाठवा. गाडी सावकाश चालवा, पावसात तर नक्कीच. भेटूया पुढच्या भागात.